कामावर निघालेली सायकल

रविवारी सकाळी साडेसातच्या सुमाराला खडकवासल्याच्या चौपाटीवर आलात, तर चहाच्या टपरीशेजारी कठड्याला टेकवलेल्या पंधरा-वीस सायकली दिसतील. त्यातली एक माझी. पहाटे पाचला घर सोडायचं, डोणज्यापर्यंत एकत्र जायचं, पायात दम असेल त्यांनी सिंहगड चढायचा, बाकीच्यांनी मागे फिरायचं आणि सगळ्यांनी इथे जमायचं. कांदाभजी, चहा, गप्पा. अकरा वर्षं झाली, हा नेम मोडलेला नाही.

गप्पांचे विषयही ठरून गेलेत. कुणीतरी मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा गिअरचा दातेरी संच, बदललेली असते आणि आता बोपदेव घाट सीटवरून न उठता चढता येतो याचं त्याला कोण अप्रूप असतं. कुणाच्या रिमला आउट आलेला असतो, कुणाला चेन किती किलोमीटरला बदलावी हा प्रश्न पडलेला असतो. तिथून विषय कामावर जातो. ऑफिसने पुन्हा आठवड्यातून तीन दिवस बोलवायला सुरुवात केली, हिंजवडीला सायकलने जावं तर पोचल्यावर अंघोळीची सोय नाही, क्लायंटचा कॉल नेमका संध्याकाळी सातला येतो. आणि मग फोन. फोनबद्दल आम्ही जितकं बोलतो तितकं सायकलबद्दलही बोलत नसू. हँडलला फोन लावला तर हादऱ्यांनी कॅमेरा बिघडतो का, कुणाच्या घड्याळाने सिंहगडाची चढण शंभर मीटरने कमी कशी दाखवली, राइडची नोंद मधेच बंद पडून चाळीस किलोमीटर वाया कसे गेले. किलोमीटर तर पायांनी कापले, मग ते वाया कसे जातील, असं आमच्यातल्या एका ज्येष्ठ मित्राने एकदा विचारलं होतं. कुणालाच पटकन उत्तर देता आलं नाही.

या टोळक्याने मला पुष्कळ दिलंय. छर्रे बदलायला, तुटलेल्या चेनची कडी जोडायला मी इथे शिकलो. आई आजारी होती तेव्हा रात्री अकराला दवाखान्यात डबा घेऊन येणारी माणसं हीच. तेव्हा पुढे जे लिहितोय ते बाहेरच्याने केलेली टीका समजू नये.

आपल्या शहरांत सायकलविषयी जे बोललं जातं, छापलं जातं आणि मागितलं जातं, ते बहुतेक सगळं आमच्यासारख्यांच्या तोंडून येतं. महापालिकेत बैठक असली की आम्हाला बोलावणं येतं. जागतिक सायकल दिनाला, ३ जूनला, झेंडा दाखवायचा असला की हेल्मेट घालून आम्हीच उभे असतो. पण शहरात रोज चालणाऱ्या सायकलींत आमच्या सायकली मूठभर आहेत. बाकीच्या कामावर निघालेल्या आहेत, आणि त्या चालवणाऱ्यांना आमच्या गप्पांत जागा नाही, आमच्या फोनमधल्या नकाशात नाही आणि म्हणून आराखड्यातही नाही. सायकलचं धोरण ठरवायचं तर सुरुवात त्यांच्यापासून व्हायला हवी, आणि ही मागणी आम्ही शौकिनांनीच लावून धरायला हवी. कारण आमचं ऐकून घेतलं जातं.

हे मला एका पंक्चरने शिकवलं.

पावसाळ्यातला सोमवार होता. आठवड्यातून तीन दिवस मी सायकलने कामावर जातो. सकाळी साडेसहाच्या आसपास वडगावच्या पुलाखाली एक पन्नाशी ओलांडलेला माणूस सायकल आडवी धरून उभा दिसला. खाकी शर्ट, डोक्याला खताच्या गोणीची खोळ. मागच्या चाकात हवा नव्हती आणि पंक्चरचं दुकान नऊशिवाय उघडणार नव्हतं. माझ्याकडे सामान होतं, पण त्याची सायकल जुनी काळी, अठ्ठावीस-दीडच्या टायरची. मागचं चाक नटांनी घट्ट आवळलेलं आणि माझ्याकडे त्या मापाचा पाना नाही. माझं चाक खटका उघडला की हातात येतं, त्यामुळे पाना बाळगायची वेळच कधी आली नव्हती. मग चाक न काढताच टायरची एक कड सोडवली, ट्यूब जमेल तेवढी बाहेर ओढली आणि पुलाखालच्या डबक्यात बुडवत बुडवत भोक शोधलं. बुडबुडे दिसले. ट्यूब शर्टाला पुसून कोरडी केली, पॉलिश पेपर घासला, सोल्युशन लावलं. सोल्युशन सुकेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर ठिगळ धरत नाही. तेवढ्यात त्याने खिशातून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढून तिसऱ्यांदा वेळ पाहिली.

"घाई आहे का?" मी विचारलं.

"सातला गेटवर तोंड दाखवावं लागतंय साहेब, ह्याच्यात," तो फोनकडे बोट करत म्हणाला. "सातच्या वर धा मिन्टं झाली की अर्धा दिवस गेला. पयलं रजिस्टर होतं, सुपरवायझर वळखीचा होता. आता हे काय ऐकत नाही."

तो जिंतूरकडचा. एका सोसायटीत वॉचमन. हजेरी म्हणजे गेटवर उभं राहून फोनमध्ये स्वतःचा फोटो काढायचा; फोन जागा आणि वेळ नोंदवतो. फोन त्याने स्वतःच्या पैशाने, हप्त्यांवर घेतला होता, कारण फोनशिवाय नोकरी नव्हती. हवा भरून झाली तेव्हा सातला बारा मिनिटं कमी होती. तो उडी मारून बसला आणि पावसात दिसेनासा झाला. वेळेत पोचला की नाही, मला कळलं नाही. नाव विचारायचंही सुचलं नाही.

त्या सकाळी माझीही राइड नोंदली गेली. नकाशावर माझी केशरी रेघ उमटली, पुलाखाली मी किती मिनिटं थांबलो होतो तेही दिसत होतं. त्याच रस्त्यावर, त्याच वेळी चाललेल्या त्याच्या सायकलची रेघ कुठेच नव्हती. फोन दोघांच्याही खिशात होता. माझ्या फोनला माझे किलोमीटर हवे होते, त्याच्या फोनला फक्त तो गेटवर कधी पोचला एवढंच.

'आता सगळ्यांकडे स्मार्टफोन आहे' असं ऐकलं की मला म्हणून थांबावंसं वाटतं. फोन असणं आणि त्या फोनमुळे तुम्ही कुणाला दिसणं यांत फार अंतर आहे. राइडच्या नोंदी ठेवणारं स्ट्राव्हा हे ॲप २००९ साली सुरू झालं, आज आमच्यातला प्रत्येक जण त्यावर आहे. जगभरातून जमलेल्या अशा नोंदींचा एक झगमगता नकाशा त्या कंपनीने २०१७ च्या शेवटी प्रसिद्ध केला आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यावरून मोठा गहजब झाला. अफगाणिस्तान, सीरियासारख्या देशांत नकाशा जवळपास काळा होता आणि त्या काळोखात सैनिकी तळांभोवतीच्या वाटा तेवढ्या लखलखत होत्या. सैनिक तळावर धावत होते आणि त्यांच्या मनगटावरची घड्याळं सगळं नोंदवत होती. चर्चा झाली ती सुरक्षेची, आणि ती व्हायलाच हवी होती. मला मात्र तो काळोख विसरता येत नाही. त्या काळ्या भागात गावं होती, शहरं होती, रोज शाळेत आणि बाजारात जाणारी लाखो माणसं होती. नकाशाच्या लेखी तिथे कुणी चालतच नव्हतं.

याच नोंदी एकत्र करून ती कंपनी शहरांच्या नियोजनकारांना देते, २०२० पासून विनामूल्य देते. जगातली अनेक शहरं त्यावरून सायकलचे रस्ते कुठे हवेत याचा अंदाज घेतात. काही शहरांत तो अंदाज बऱ्यापैकी जुळतही असेल. आपल्याकडे असं कुणी करायला घेतलं तर सिंहगड रस्ता, पाषाण, लवासाकडची वाट आणि विद्यापीठाचा परिसर लखलखेल, तोही पहाटे आणि शनिवार-रविवारी. मार्केट यार्ड, भवानी पेठ, हडपसरच्या गल्ल्या, भोसरीच्या एमआयडीसीतले आडरस्ते अंधारात राहतील. त्या नकाशावर विसंबून कुणी मार्ग आखले, तर ज्याला सायकलवाचून पर्याय नाही त्याच्या वाट्याला पुन्हा काही येणार नाही, आणि या वेळी त्याला शास्त्रीय आधारही असेल.

माणसं मोजूनच पाहायची तर आपल्याकडे एक आकडा आहे. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्यांना, म्हणजे देशभरातल्या सुमारे २० कोटी लोकांना, कामावर कसे जाता हे विचारलं होतं. साधारण २३ टक्के चालत जात होते. सायकलने जाणारे १३ टक्क्यांच्या आसपास होते, मोटारसायकल-स्कूटरवाल्यांपेक्षा किंचित जास्तच. त्यानंतरची जनगणना २०२१ ला व्हायची ती २०२७ वर गेली. मधल्या काळात दुचाक्या वाढल्या, सायकली मागे पडल्या, हे उघड्या डोळ्यांनाही दिसतं. पण सायकलवर कामाला जाणारा माणूस अपवाद आहे, जुन्या काळातला उरलासुरला आहे, हे मी मानायला तयार नाही. सकाळी सहा ते आठ या वेळात धायरी फाट्यावर उभं राहून पाहा. बिगारी, प्लंबर, कार्यालयांची झाडलोट करणारे, मंडईतून माल आणणारे, रात्रपाळी संपवून परतणारे. आम्ही त्यांना पाहत नाही, कारण आम्ही त्या वेळी आमच्या 'ॲव्हरेज'कडे, म्हणजे सरासरी वेगाकडे, पाहत असतो.

२०१७ च्या डिसेंबरात पुण्यात भाड्याच्या सायकलींची योजना सुरू झाली ती मला आठवते. विद्यापीठाच्या आवारात आणि औंधात सायकली उभ्या राहिल्या, काही पिवळ्या होत्या, पुढच्या वर्षी केशरी आल्या. आम्ही सगळे आनंदात होतो, मीही दोन-तीनदा चालवल्या. कुलुपावरचा चौकोनी कोड फोनने वाचायचा, पैसे फोनमधूनच जायचे, कुलूप खट्‌कन उघडायचं. औंध-बाणेर-बालेवाडी हा स्मार्ट सिटीसाठी निवडलेला भाग, त्यामुळे सायकली आधी तिथेच गेल्या. ज्यांच्याकडे आधीच गाडी होती, फोन होता आणि खात्यात पैसे होते, त्यांच्या दारात. पिवळ्या सायकलींची कंपनी २०१८ मध्ये देशातूनच निघून गेली, बाकीच्या हळूहळू दिसेनाशा झाल्या. लोकांनी सायकली मोडल्या, चोरल्या, नदीत टाकल्या, असं तेव्हा बरंच बोललं गेलं. ते झालंही. पण तेवढ्यावर सगळं खापर फोडणं मला पटत नाही.

ज्यांचं लहानपण पुण्यात गेलंय त्यांना तासावर मिळणारी सायकल आठवत असेल. आमच्या पेठेत कोपऱ्यावर दुकान होतं. दारात ओळीने सायकली, प्रत्येकीच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर. मालक वहीत नाव आणि वेळ लिहायचे. ओळख नसली तर कुणीतरी ओळखीचा सांगायचा की हा अमक्याचा मुलगा. सुतार, रंगारी, नवीन नोकरीला लागलेला कारकून, सगळे तिथून सायकल न्यायचे, आणि परत आणली की मालक हवा दाबून, ब्रेक ओढून बघायचे. ती भाड्याचीच सायकल होती, ती चाले कारण दुकान माणसाच्या घराजवळ होतं आणि सायकल बिघडली तर दुरुस्त करणारा हात तिथेच होता. २०१७ च्या योजनेत रंग, कुलूप आणि ॲप यांवर भरपूर विचार झाला, पण चाकाला हवा कोण भरणार हे कुणी ठरवलं नव्हतं. पुन्हा अशी योजना आली (आणि ती येईल, कारण मेट्रो स्थानकावरून घरापर्यंत कसं जायचं हा प्रश्न सुटलेला नाही), तर ती रोख पैशावर आणि ओळखपत्रावरही सायकल देणारी असावी, आणि पहिली स्थानकं बिगारी नाक्यांजवळ, मंडयांजवळ, औद्योगिक वसाहतींच्या दारात असावीत. वही सांभाळणारा एक माणूस तिथे बसवणं हे मागासलेपण नव्हे.

मार्गांचीही तीच कथा. २००६ नंतर बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठी राखलेल्या मार्गिकांबरोबर, सातारा रस्त्यावर आणि सोलापूर रस्त्यावर सायकलमार्ग झाले. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, त्यात आठशे किलोमीटरहून जास्त लांबीचं जाळं कागदावर आहे. आराखडा चांगला आहे, मी तो वाचलाय. प्रत्यक्ष मार्गावर मात्र पेव्हर ब्लॉक असतात, दोन ब्लॉकमध्ये फट असते, दर पन्नास पावलांवर कुणाच्या तरी फाटकासाठी मार्ग खाली उतरतो आणि पुन्हा चढतो, मधे विजेचा डीपी, मग बसथांबा, मग लावलेल्या दुचाक्या. आम्ही याबद्दल तक्रार करतो ती टायरच्या आणि वेगाच्या अंगाने. पण दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवलेली सायकल त्या चढउतारांवरून नेऊन पाहा. किटली हेलकावली की हँडल ओढलं जातं, आणि पाय टेकवायला जागा नसते. चेंबरच्या जाळ्या रस्त्याच्या दिशेने बसवलेल्या असल्या की चाक आत जातं. ती जाळी काटकोनात फिरवून बसवायला फार मोठा निधी लागत नाही. लागतं ते एवढंच, की काम तपासणाऱ्याच्या डोळ्यासमोर मोटारीबरोबर सायकलचं चाकही असावं.

कामाच्या जागी काय होतं? खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, पिंपरीच्या एचएत (हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये), पाळी सुटली की सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, हे जुन्या पुणेकरांनी पाहिलंय. फाटकाच्या आत पत्र्याची शेड असे, लाकडी खाचांत ओळीने सायकली. कामगार सायकलने येणार हे गृहीत धरूनच शेड बांधलेली होती. आजच्या ऑफिसांत तसं गृहीत कुणी धरत नाही. मी एका ठिकाणी नोकरीला लागलो तेव्हा गेटवर मला अडवलं होतं, कारण सायकलला पार्किंगचं स्टिकर नव्हतं. स्टिकर मिळेना, कारण अर्जात गाडीचा नंबर भरावा लागे आणि सायकलला नंबर नसतो. तीन आठवडे मी सायकल शेजारच्या रसवंतीत लावली. शेवटी कुणा अधिकाऱ्याला ई-मेल लिहून ते सुटलं, तळघरात एक कोपरा मिळाला. पण मला ई-मेल लिहिता आला आणि तो कुणीतरी वाचला. त्याच इमारतीतली सफाई करणारी माणसं भिंतीबाहेर, गटाराच्या कडेला सायकली लावत होती. माझं काम झाल्यावर त्यांच्यासाठी मी पुन्हा ई-मेल लिहिला नाही. याची मला आजही लाज वाटते.

मे २०२० मध्ये बिहारची पंधरा वर्षांची ज्योती कुमारी जखमी वडिलांना कॅरिअरवर बसवून गुरुग्रामहून दरभंग्याकडे निघाली आणि सुमारे १२०० किलोमीटर सायकल चालवत घरी पोचली. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणाऱ्यांना हा आकडा पाठ असतो. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही त्यांची पंढरी तेवढ्याच अंतराची, नव्वद तासांत पुरी करायची असते. तिथे जाता यावं म्हणून आमचे मित्र वर्षभर २००, ३००, ४००, ६०० किलोमीटर मारत असतात. ज्योतीची बातमी आली तेव्हा आमच्या गप्पांत तिचा स्टॅमिना, तिची सायकल, कॅरिअरवरचं वजन यावर बोलणं झालं. सायकल महासंघाने तिला चाचणीला बोलावलं. ते चांगल्या मनानेच झालं असेल. पण त्या मुलीने शर्यत मारली नव्हती. रेल्वे, बस, पगार सगळं थांबल्यावर जी एक वस्तू हाताशी उरली ती घेऊन ती घरी गेली होती. महाराष्ट्रातूनही हजारो मजूर त्या उन्हाळ्यात सायकलवर उत्तरेकडे गेले. सायकल कशासाठी असते याचं इतकं ढळढळीत उत्तर समोर असताना आम्ही त्यात खेळाडू शोधत बसलो.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. गरीब माणूस सायकल चालवतो ती नाइलाजाने. चार पैसे जमले की तो मोटारसायकल घेणार. ज्या वस्तूतून तो सुटू पाहतोय तिच्यासाठी एवढा खटाटोप का? माझं म्हणणं असं की त्याने गाडी जरूर घ्यावी. पण पेट्रोल शंभरीपार असताना, हप्ते, विमा आणि दुरुस्ती भागवून पंधरा-सोळा हजारांत घर चालवणाऱ्याला ती गाडी फार महाग पडते. तो ती घेतो त्यातला मोठा भाग भीतीचा असतो. सायकलवर असलो की बस चेपते, मोटारवाला हॉर्न मारून कडेला ढकलतो, माणूस म्हणून कुणी गणत नाही. रस्ता सुरक्षित असता, लावायला जागा असती, उशिरा पोचल्यावर अर्धा दिवस गेला नसता, तर त्यातल्या कितीजणांनी हप्त्याचे पैसे मुलांच्या शिक्षणावर लावले असते, हे आपण त्यांना कधी विचारलेलंच नाही.

आणि बायका? आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळाल्या. बिहारने हे २००६ मध्ये सुरू केलं आणि तिथल्या अभ्यासात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण जवळपास एक तृतीयांशाने वाढल्याचं दिसलं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई जालना जिल्ह्यातल्या. त्यांनाही आठवीत सायकल मिळाली होती, चार किलोमीटर चालवत त्या शाळेत जायच्या, पावसात चिखल असला तरी. आज त्या पाच घरांची कामं करतात आणि एका घरून दुसऱ्या घरी चालत जातात. सायकल का नाही घेत, म्हणून मी विचारलं. "गावाकडं चालवत होते की. हितं रस्त्यावर भ्या वाटतं दादा." सरकारने पैसे खर्चून जिला सायकल शिकवली तिला शहराने पुन्हा पायी चालायला लावलं. ताईंना शिकवायचं काहीच नाही. रस्ता नीट करायचा आहे.

फोनबद्दल आणखी थोडं. नेदरलँड्समध्ये १ जुलै २०१९ पासून सायकल चालवताना हातात फोन धरायला बंदी आहे. जपानने नोव्हेंबर २०२४ पासून त्यासाठी कैदेचीही तरतूद केली. आपल्याकडेही असा नियम यावा असं आमच्यातल्या काहींना वाटतं, मलाही वाटतं. पण जेवण पोचवणारी पोरं, त्यातली काही सायकलवरच असतात, ती चालत्या चाकावर फोनकडे पाहतात कारण पत्ता, वेळ आणि पुढची ऑर्डर तिथेच येते. नियम करायचा तर चाक फिरत असताना ऑर्डर पाठवू नये, हे बंधन आधी ॲपवर हवं, मग पोरावर. हेच हजेरीच्या ॲपबद्दल. सायकलने येणाऱ्या माणसाला पंक्चर होतं, पाऊस लागतो. त्याला महिन्यातून चार-दोन वेळा अर्ध्या तासाची सूट देणं हे कुठल्याही मालकाला परवडण्यासारखं आहे. कित्येक सोसायट्यांत हे मालक म्हणजे आपणच असतो. वॉचमनच्या ठेकेदाराचा करार आपल्याच सभेत मंजूर होतो, आणि त्यात काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. मी आमच्या सोसायटीचा मागवून वाचला. उशिराची कपात त्यात होती.

आमच्या इमारतीत दोन वॉचमन, एक माळी आणि झाडलोट करणारे दोघे सायकलने येतात. त्यांच्या पाच सायकली कचऱ्याच्या खोलीशेजारी उघड्यावर असतात, पावसाळ्यात चेनवर तांबेरा चढतो. पाहुण्यांच्या मोटारींसाठी राखलेल्या सहा जागांपैकी एक जागा, वर पत्रा आणि जमिनीत बसवलेला एक लोखंडी दांडा, एवढंच मागणारा ठराव मी दिलाय. करारातली कपातीची अटही त्याच ठरावात आहे. दोन सभासदांचा विरोध आहे, एकाने निम्मा खर्च स्वतः द्यायची तयारी दाखवलीय. सभा पुढच्या महिन्यात आहे.

खडकवासल्यावर गेल्या रविवारी हे सगळं बोलणं निघालं. ब्रेव्हेवाल्यांपैकी एकाने सुचवलं की आपल्याच फोनमधल्या नोंदी काढून महापालिकेला देऊ. त्यावर बरीच वादावादी झाली, चहा दोनदा मागवला गेला. शेवटी ठरलं ते असं: पुढच्या महिन्यात एका सोमवारी, एका बुधवारी आणि एका शनिवारी, सकाळी सहा ते साडेआठ, चार चौकांत दोन-दोन माणसांनी वही-पेन घेऊन उभं राहायचं. जाणारी प्रत्येक सायकल ही एक रेघ. बाई असेल तर वेगळी खूण, सामान लादलेलं असेल तर वेगळी. कुणी थांबायला तयार असेल तर दोनच प्रश्न विचारायचे: कुठून निघालात, आणि सायकल कुठे लावता. मोजणीचे कागद आराखड्यासोबत महापालिकेत नेऊन द्यायचे. राजाराम पूल, मार्केट यार्ड आणि हडपसरला माणसं मिळालीत. धायरी फाट्याला अजून एक जण कमी आहे.